वायफाय विसरणारा लॅपटॉप: आधी नेमकं काय हरवलंय ते बघा

'लॅपटॉप वायफाय विसरतो' ही तक्रार एक, पण तिच्या पोटात निदान चार वेगवेगळे बिघाड असतात. एकात जतन केलेलं नेटवर्क खरोखरच पुसलेलं असतं. दुसऱ्यात ते जागेवर असतं, पण विंडोजच्या लेखी वायफायचं कार्डच (लॅपटॉपातला वायफाय पकडणारा भाग) नवीन झालेलं असतं, त्यामुळे जुन्या नोंदी त्याच्या कामाच्या राहत नाहीत. तिसऱ्यात कार्डच गायब असतं. चौथ्यात सगळं शाबूत असतं, फक्त लॅपटॉप आपणहून जोडला जात नाही.

या चारही प्रकारांवर व्हिडिओंमधून सर्रास एकच औषध दिलं जातं: 'नेटवर्क रिसेट'. ते मी सगळ्यात शेवटी ठेवतो. त्यात सगळी नेटवर्क कार्डं विंडोजमधून काढून परत बसवली जातात, जतन केलेली सगळी नेटवर्कं पासवर्डांसकट जातात आणि व्हीपीएन असेल तर तेही बहुतेक वेळा नव्याने चढवावं लागतं. बिघाड कशामुळे होत होता याचा मागही त्याबरोबर पुसला जातो. आठवड्याने तोच त्रास परत आला की आपण पुन्हा शून्यावर.

म्हणून पुढच्या वेळी वायफाय गेलं की लगेच पासवर्ड टाकायला धावू नका. ती पाच मिनिटं फार मोलाची असतात.

त्या पाच मिनिटांत काय बघायचं

स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधून काळी खिडकी उघडा. खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, त्या इंग्रजी अक्षरांत टंकायच्या. पहिली आज्ञा: नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो प्रोफाइल्स. लॅपटॉपला आठवत असलेल्या सगळ्या नेटवर्कांची नावं खाली येतात. तुमच्या घरच्या वायफायचं नाव त्यात असेल तर काहीही पुसलेलं नाही, दोष जोडणीत आहे. नाव नसेल तर नोंद खरोखर गेली आहे किंवा कार्ड नवीन झालं आहे. 'नो वायरलेस इंटरफेस' असं उत्तर आलं तर कार्ड गायब आहे. आणि ऑटोकॉन्फिग सर्व्हिस चालू नाही असं उत्तर आलं, तर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग' शोधा, तिचा स्टार्टअप टाइप 'ऑटोमॅटिक' करा आणि ती सुरू करा. जुन्या लॅपटॉपवर 'वेग वाढवणारी' सॉफ्टवेअर चालवलेली असतील तर ही सर्व्हिस बंद सापडण्याची शक्यता बरीच असते.

दुसरी आज्ञा: नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो इंटरफेसेस. हिच्या उत्तरात दोन ओळी बघायच्या. 'नेम'पुढे नुसतं 'वायफाय' आहे की 'वायफाय २', 'वायफाय ३'? आणि 'डिस्क्रिप्शन'मध्ये कार्डाच्या नावाच्या शेवटी '#२' किंवा '#३' आलंय का? हे आकडे दिसले तर कार्डाचा पुनर्जन्म झाला आहे, आणि तोही कितवा ते तिथंच लिहिलेलं असतं.

तिसरी परीक्षा वायफायची नाहीच. डेस्कटॉपवर एक साधी मजकुराची फाइल बनवा, त्यात आजची तारीख लिहा आणि लॅपटॉप बंद करून परत सुरू करा. ती फाइलही नाहीशी झाली, तर वायफाय बिचारं निर्दोष आहे. लॅपटॉपवर काहीच टिकत नाहीये, वायफाय फक्त आधी नजरेत आलं. याकडे पुढे परत येऊ.

बिघाड रोजचा नसून अधूनमधून होत असेल तर काळी खिडकी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडा आणि नेटएसएच डब्ल्यूएलएएन शो डब्ल्यूएलएएनरिपोर्ट ही आज्ञा द्या. विंडोज १० पासून ही सोय आहे. गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं, लॅपटॉप कधी झोपला, कधी उठला याचा आलेखासकट अहवाल वेबपानाच्या रूपात तयार होतो आणि तो कुठे ठेवला आहे हेही तिथंच सांगितलं जातं. प्रत्येक तुटण्याच्या आधी लॅपटॉप झोपेतून उठलेला दिसला तर वीजबचतीच्या भागाकडे वळा. जागेपणी, काम चालू असताना तुटत असेल तर राउटरकडे. हाच तपशील 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'डब्ल्यूलॅन-ऑटोकॉन्फिग'च्या 'ऑपरेशनल' नोंदींतही असतो. त्यात ८००१ म्हणजे जोडलं, ८००२ म्हणजे जोडायचा प्रयत्न फसला, ८००३ म्हणजे तुटलं. ८००२ वर टिचकी मारली की खाली फसण्याचं कारण लिहिलेलं असतं. ते मात्र वाचायचं राहून जातं.

कार्डाचा पुनर्जन्म

विंडोज प्रत्येक नेटवर्कची एक छोटी एक्सएमएल फाइल ठेवतं. सी ड्राइव्हमध्ये 'प्रोग्रामडेटा' नावाचा लपवलेला फोल्डर आहे. त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात डब्ल्यूएलएएनएसव्हीसी, त्यात प्रोफाइल्स आणि त्यात इंटरफेसेस. इथे महिरपी कंसातल्या लांबलचक नावाचे फोल्डर दिसतात. ते नाव म्हणजे कार्डाला विंडोजने दिलेली ३२ अंकाक्षरांची ओळख, आणि नेटवर्कांच्या नोंदी त्या ओळखीच्या नावाने ठेवलेल्या असतात. ओळख बदलली की नोंदी जुन्या फोल्डरात पडून राहतात आणि नवा फोल्डर रिकामा असतो. घराचं कुलूप बदललं, जुनी किल्ली खिशात तशीच, असा हा प्रकार. इंटरफेसेसमध्ये एकाऐवजी तीन-चार फोल्डर दिसले तर निदान झालंच म्हणून समजा.

ओळख बदलते कशी? ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून नवा टाकला तर, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं तर, कधी बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) अपडेटनंतर. आणि सगळ्यात जास्त वेळा, बाहेरून लावायच्या छोट्या यूएसबी वायफाय डोंगलमुळे. पुष्कळ स्वस्त डोंगलांत स्वतःचा अनुक्रमांक नसतो. मग विंडोज त्याला कुठल्या यूएसबी खाचेत लावलाय यावरून ओळखतं. काल डावीकडे लावलेला डोंगल आज उजवीकडे लावला की तो विंडोजच्या दृष्टीने नवा डोंगल, आणि नव्या डोंगलला घरचा पासवर्ड कुठून ठाऊक असणार! डोंगल कायम एकाच खाचेत लावायचा, त्या खाचेवर हवं तर रंगाचा ठिपका द्यायचा. यूएसबी हबमधून लावत असाल तर हबची खाचही तीच ठेवा.

डोंगलांची आणखी एक खोड. काही डोंगल लावल्या लावल्या आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात. आत ड्रायव्हर भरलेला असतो, तो चढला की मगच डोंगल वायफाय कार्डाच्या रूपात येतो. हे रूपांतर एखाद्या वेळी फसलं तर वायफाय नाहीसं होतं आणि 'धिस पीसी'मध्ये अनोळखी सीडी दिसते. तेव्हा डोंगल काढून दहा सेकंदांनी परत लावा. वारंवार होत असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ताजा ड्रायव्हर घ्या.

आतल्या कार्डाचा पुनर्जन्म होत असेल तर डिव्हाइस मॅनेजर (स्टार्टमध्ये शोधा, लॅपटॉपच्या सगळ्या भागांची यादी असते) उघडून 'व्ह्यू'मधून 'शो हिडन डिव्हाइसेस' निवडा. नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये त्याच कार्डाच्या फिकट नोंदी दिसतील, ती आधीच्या जन्मांची भुतं. त्यांच्यावर उजवी टिचकी मारून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा. ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत मात्र इथे खूण करू नका, कारण चालू कार्डही तोच ड्रायव्हर वापरत असतं.

मग ड्रायव्हर पक्का करायचा. तो लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून तुमच्या मॉडेलसाठीचा घ्या आणि आधी पेनड्राइव्हवर ठेवा. वायफायचा ड्रायव्हर काढल्यावर तो उतरवायला वायफाय नसतं, हे ऐनवेळी लक्षात येतं. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करता येतं, वायफाय कार्ड मेलेलं असलं तरी इंटरनेट मिळतं. त्रास विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'ड्रायव्हर' पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहे का बघा. ते बटण फिकट असेल तर परत जायला जुना ड्रायव्हरच शिल्लक नाही.

नोंदींची प्रत काढून ठेवा

दुरुस्ती सुरू करण्याआधी हे करा. सी ड्राइव्हवर 'वायफाय' नावाचा फोल्डर आधी इंग्रजी अक्षरांत बनवून घ्या, कारण तो आधी नसेल तर आज्ञा चालत नाही. मग ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीत: नेटएसएच डब्ल्यूएलएएन एक्सपोर्ट प्रोफाइल, पुढे की=क्लिअर आणि फोल्डर= लिहून त्या फोल्डरचा पत्ता. प्रत्येक नेटवर्कची एक फाइल तिथे येते. 'की=क्लिअर' विसरू नका. ते नसेल तर फाइलमधला पासवर्ड त्या विंडोजच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद राहतो, आणि विंडोज नव्याने टाकल्यावर किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर तो उघडत नाही. आधी सांगितलेल्या प्रोग्रामडेटामधल्या फाइली नुसत्या उचलून दुसरीकडे नेल्या तर चालत नाहीत, त्याचंही कारण हेच.

परत आणायच्या वेळी: नेटएसएच डब्ल्यूएलएएन ॲड प्रोफाइल, मग फाइलनेम= आणि अवतरणचिन्हांत फाइलचा पूर्ण पत्ता, शेवटी यूझर=ऑल. 'यूझर=ऑल'मुळे ती नोंद त्या लॅपटॉपच्या सगळ्या खात्यांना लागू होते. घरात आईचं, मुलांचं खातं वेगळं असेल तर 'माझ्याकडे चालतं, तिच्याकडे पासवर्ड विचारतं' ही कुरबुरही यातून मिटते. या फाइलींत पासवर्ड उघडा दिसतो, नोटपॅडमध्येही वाचता येतो. काम झालं की पेनड्राइव्हवर हलवा आणि लॅपटॉपवरून पुसा. सायबर कॅफेच्या किंवा ऑफिसच्या सामायिक संगणकावर हे करूच नका.

बंद करून चालू केल्यावरच जातं

एक प्रयोग करा. वायफाय गेलेलं असताना 'शट डाउन' न करता 'रीस्टार्ट' करा. रीस्टार्टनंतर वायफाय सुरळीत येत असेल आणि शट डाउन करून सकाळी चालू केल्यावरच जात असेल, तर बहुधा 'फास्ट स्टार्टअप'चा दोष. नाव शट डाउन असलं तरी यात विंडोजचा गाभा, ड्रायव्हरांच्या स्थितीसकट, डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तिथूनच परत उचलला जातो. म्हणजे रात्री कार्डाचा ड्रायव्हर अडकलेल्या स्थितीत असेल तर सकाळी तो तसाच अडकलेला उठतो. रीस्टार्ट मात्र दरवेळी सगळं नव्याने मांडतो. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. एसएसडी असलेल्या लॅपटॉपवर सुरू व्हायला लागणारा फरक मोजक्या सेकंदांचा असतो. माझ्या मते ही सोय एसएसडीच्या काळात ठेवण्यासारखी राहिलेली नाही.

झोपेतून उठल्यावर जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावर 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' ही खूण काढा. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत हे पानच दिसत नाही, कारण त्यांची झोप वेगळ्या पद्धतीची, मोबाइलसारखी अर्धवट जागी असते. तिथे ड्रायव्हर आणि बायोस ताजे करणं हाच मार्ग.

आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे वीज जाणं. राउटर इन्व्हर्टरवर असतो, लॅपटॉप चार्जरवर. वीज जाते तेव्हा एकाच क्षणी दोन गोष्टी होतात. इन्व्हर्टर ताबा घेताना क्षणभर खंड पडला तर राउटर नव्याने सुरू होतो आणि स्थिर व्हायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. चार्जर इन्व्हर्टरवर नसेल तर लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि वायफाय कार्ड वीजबचतीत जातं. मग लोक म्हणतात, 'लाइट गेली की वायफायची सेटिंग उडते.' सेटिंग कुठेही उडालेली नसते. पॉवर ऑप्शन्सच्या 'ॲडव्हान्स्ड' यादीत 'वायरलेस ॲडॅप्टर सेटिंग्ज' दिसत असेल तर 'ऑन बॅटरी'पुढे 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' करा. राउटरसाठी त्याच्या १२ व्होल्टच्या जोडणीत बसणारा छोटा डीसी यूपीएस लावला की पहिली अडचण मिटते. घेण्याआधी राउटरच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. सगळे राउटर १२ व्होल्टचे नसतात, काही ९ किंवा ५ व्होल्टचेही असतात.

खरोखरच पुसलं जात असेल तर

'शो प्रोफाइल्स'मध्ये नाव नाही, कार्डापुढे '#२'ही नाही. मग कुणीतरी पुसतंय. संशयितांची रांग फार मोठी नाही. एक म्हणजे साफसफाईची सॉफ्टवेअर. त्यांच्या खुणांच्या जंजाळात कुठेतरी 'नेटवर्क पासवर्ड्स' असतं आणि ते दर आठवड्याला इमानेइतबारे झाडलं जातं. दुसरा संशयित ऑफिसची धोरणं. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर कुठली नेटवर्कं ठेवायची हे आयटी विभाग दुरून ठरवू शकतो. तिथे डोकं आपटून उपयोग नाही, त्यांनाच विचारा.

शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांतून लिलावात आलेले किंवा जुन्या बाजारातून घेतलेले लॅपटॉप असतील तर तिसरी शक्यता असते. त्यांवर दर वेळी डिस्क मूळ स्थितीत परत आणणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. विद्यार्थ्यांनी दिवसभरात काहीही केलं तरी रीस्टार्टनंतर सगळं जसंच्या तसं. डेस्कटॉपवरची फाइल गायब होण्याची परीक्षा इथे लागू पडते. अशा लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर काढण्यात वेळ घालवण्यापेक्षा विंडोज कोरं टाकून घ्यावं. पेनड्राइव्हवरून 'लाइव्ह' लिनक्स चालवणाऱ्यांचंही तेच. पेनड्राइव्ह बनवताना बदल टिकवणारी 'पर्सिस्टंट' जागा राखली नसेल तर दर वेळी नवी पाटी.

फाइल परीक्षेत आणखी एक, जास्त गंभीर कारण निघू शकतं. मरायला टेकलेली काही एसएसडी लिहिल्याचं नाटक करतात, प्रत्यक्षात काहीच लिहीत नाहीत. लॅपटॉप चालू असेपर्यंत सगळं दिसतं, बंद केला की जुनं चित्र परत. असं दिसलं तर वायफाय विसरा आणि आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा.

नोंद आहे, तरी पासवर्ड विचारतं

इथे लॅपटॉप विसरलेला नसतो, राउटर बदललेला असतो. राउटर आणि पुढच्या खोलीतला एक्स्टेंडर, दोघांचं नाव एकच पण पासवर्ड वेगळे. किंवा पासवर्ड एकच पण एकाची सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि दुसऱ्याची डब्ल्यूपीए३ (वायफाय कुलूपबंद करण्याच्या जुन्या-नव्या पद्धती). लॅपटॉप नाव बघून जातो आणि दारात अडकतो. नाव एकच ठेवायचं तर पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्ही तंतोतंत एक ठेवा, नाहीतर नावंच वेगळी द्या. काही जुन्या कार्डांना 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड' हा पर्याय झेपत नाही. असा लॅपटॉप घरात असेल तर राउटरवर डब्ल्यूपीए२-एईएस ठेवून बघा.

वायफायच्या नावात मोठी-लहान इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात आणि शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही मोजली जाते. नाव देवनागरीत ठेवायची हौस असेल तर मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'देशपांडे' बसतं, आठ चिन्हांत. पुढे 'वाडा' जोडायला गेलात तर नाही.

विंडोजमधली 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस'ची सोय (कार्डाचा खरा ओळख-पत्ता लपवून बनावट देणारी) चालू असेल आणि राउटरवर ठरावीक यंत्रांनाच प्रवेश दिलेला असेल, तर लॅपटॉप वेगळा पत्ता सांगतो आणि राउटर त्याला ओळखत नाही. त्या नेटवर्कपुरती ती बंद करा. राउटरच्या यादीत पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो बनावट पत्ता समजावा.

जोडलं, पण इंटरनेट नाही, आणि आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय? तर राउटरने पत्ताच दिला नाही. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू. तेवढ्याने होत नसेल तर राउटर बंद-चालू.

दिसतच नाही

अमेरिकेहून आलेला लॅपटॉप इथे घरचं वायफाय कधी दाखवतो, कधी नाही, हे कोडं पुष्कळांना पडतं. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल (हवेतल्या वाटा) चालतात, अमेरिकेत सहसा १ ते ११. तिथल्यासाठी बनलेली बरीच कार्डं १२ आणि १३ कडे बघतच नाहीत. राउटर 'ऑटो'वर असेल आणि एखाद्या दिवशी त्याने १३ वा चॅनल निवडला तर बाकी सगळ्यांना वायफाय दिसतं, फक्त याला नाही. राउटरवर चॅनल १, ६ किंवा ११ असा पक्का करा.

५ गिगाहर्ट्झमध्ये वेगळीच गंमत. ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला तो चॅनल सोडावा लागतो, आणि अशा चॅनलवर बसण्याआधी मिनिटभर कान देऊन ऐकावंही लागतं. तेवढ्या वेळात ५ गिगाहर्ट्झचं नाव हवेतून नाहीसं होतं. विमानतळाच्या किंवा बंदराच्या आसपास राहत असाल आणि हे घडत असेल तर चॅनल ३६ ते ४८ मधला एखादा पक्का करून बघा.

कामाच्या टेबलावर लॅनची वायर जोडली की वायफाय जातं? काही व्यावसायिक लॅपटॉपांच्या बायोसमध्ये वायर लागताच वायफाय बंद करण्याचा पर्याय असतो. त्यात बिघाड काही नाही, तो पर्याय बंद केला की झालं.

तारीख मागे जात असेल

लॅपटॉप चालू केल्यावर तारीख काही वर्षं मागची दिसते? मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली आहे, बहुधा ३ व्होल्टची सीआर२०३२. लॅपटॉपात ती दोन वायरी आणि प्लास्टिकच्या वेष्टणासह येते, त्यामुळे घड्याळवाल्याकडची सुटी चकती बसेलच असं नाही, जोडणीचं टोक बघून घ्या. काही नव्या लॅपटॉपांत ही वेगळी बॅटरी नसतेच. जिथे असते तिथे ती संपली की बायोसमधले पर्याय मूळपदावर जातात, तारीख चुकते आणि तारीख चुकली की ब्राउझर सगळ्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रं (ते खरंच तेच असल्याचा मुदतीचा डिजिटल पुरावा) खोटी ठरवतो. घरच्या वायफायला तारखेशी देणंघेणं नसतं, ते जोडलं जातं, पण काहीच उघडत नाही. विद्यापीठांच्या एज्युरोमसारख्या नेटवर्कांवर मात्र जोडणीच प्रमाणपत्रावर चालते, तिथे चुकलेल्या तारखेने जोडणीही फसू शकते.

लिनक्सवर

बऱ्याच लिनक्सवर नोंदी ईटीसीखालच्या नेटवर्कमॅनेजरच्या (जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) 'सिस्टिम-कनेक्शन्स' फोल्डरात असतात. त्या फाइलींची मालकी रूटची (मुख्य प्रशासक खात्याची) आणि परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) हवी. जुन्या डिस्कवरून फाइली उचलून टाकल्या आणि परवानगी सैल राहिली तर नेटवर्कमॅनेजर त्या वाचायला नकार देतो. दर लॉगइनला पासवर्ड विचारत असेल तर तो किरिंगमध्ये (लॉगइनच्या पासवर्डने उघडणाऱ्या पासवर्डांच्या तिजोरीत) अडकलाय. आपोआप लॉगइन चालू असेल तर किरिंग उघडलेलीच नसते. जोडणीच्या पर्यायांत पासवर्ड 'सगळ्या वापरकर्त्यांसाठी' जतन करा. बॅटरीवर तुटत असेल तर नेटवर्कमॅनेजरच्या 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' फाइलमध्ये ३ च्या जागी २ लिहा, ३ म्हणजे बचत चालू, २ म्हणजे बंद.

कार्डच गायब

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड नाही, आणि ब्लूटूथही सोबत गेलंय. दोन्ही बहुतेक वेळा एकाच कार्डावर असतात, तेव्हा दोघांचं एकत्र जाणं म्हणजे कार्ड, त्याची खाच किंवा त्याची वीज. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून चालू करा. अडकलेलं कार्ड यातून पुष्कळदा उठतं. कार्ड यादीत आहे, पण त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये बिघाडाचा कोड १० किंवा ४३ दिसत असेल, तरी आधी हेच.

परत परत जात असेल तर मागचं झाकण उघडून बघायला हवं, वॉरंटी नसेल तरच. आधी आतल्या बॅटरीची जोडणी काढा. कार्ड २२ बाय ३० मिलिमीटरचं, एका स्क्रूवर धरलेलं. स्क्रू काढला की ते तिरकं वर येतं. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि खाचेत थर चढतो. लोक खोडरबर घासतात. मी नको म्हणेन, त्याचा चुरा खाचेत जातो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारं कापड पुरे. पूर्ण वाळू द्या, मग बसवा. अँटेनाच्या दोन वायरींची गोल टोकं सरळ वर उचलायची, वायर धरून ओढायची नाहीत. अशी टोकं साधारण तीसेक वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनलेली असतात. एक टोक सैल राहिलं तर कार्ड दिसतं, पण खोली बदलली की वायफाय जातं.

नवं कार्ड घेताना आकार सारखा दिसतो म्हणून फसू नका. इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं जुळणाऱ्या इंटेल चिपसेटवरच चालतात, कारण त्यांचं अर्धं काम चिपसेट करतो. एएक्स२०० आणि एएक्स२१० स्वतंत्र आहेत, ती एएमडीच्या लॅपटॉपातही चालतात. आधी एएक्स२०१ असेल तर त्याच खाचेत एएक्स२१० चालेलच असं नाही, ते खाचेच्या जोडणीवर ठरतं. काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांत तर बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं आणि दुसरं बसवलं की सुरू व्हायलाच नकार देतं. म्हणून जुन्या कार्डावरचा भाग क्रमांक आधी मोबाइलने टिपून घ्या, आणि दुकानदाराकडून परत घेण्याची हमी मिळाल्याशिवाय नवं पाकीट फोडू नका.